विश्लेषण : तिसऱ्यांदा तीच तक्रार? मग पुन्हा विचार! इंग्लंडमधील ‘जेस नियम’ काय आहे?

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’, ‘या वयात असं काही नसतं’, ‘ॲसिडिटी असेल’... अशी उत्तरे ऐकून केबिनमधून बाहेर पडणारे आणि तरीही बरे न वाटणारे रुग्ण जगभर आहेत. बहुतेक वेळा डॉक्टरांचे म्हणणे खरेही ठरते. मात्र ते खरे ठरत नाही, तेव्हा चूक लक्षात येईपर्यंत मोलाचे महिने हातचे गेलेले असतात. यावर उपाय म्हणून इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये ‘जेस नियम’ लागू करण्यात आला. हा नियम नेमका काय आहे? आणि महाराष्ट्रातील रुग्णांना त्यातून काय घेता येईल?

जेस ब्रेडी प्रकरण काय होते?

जेस ब्रेडी ही एअरबस कंपनीत काम करणारी २७ वर्षांची इंजिनीअर. २०२० मध्ये तिला पोटदुखी, खोकला, उलट्या, थकवा आणि वजन घटणे असे त्रास सुरू झाले. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत कुठल्याही आजारासाठी आधी आपल्या भागातील ‘जीपी’कडे, म्हणजे आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरकडे जावे लागते. पुढच्या तज्ज्ञाकडे पाठवायचे की नाही, हे सहसा तोच ठरवतो. काही महिन्यांत जेसने २०हून अधिक वेळा आपल्या दवाखान्याशी संपर्क साधला. करोनाचा काळ असल्याने यातील बराचसा संवाद दूरस्थ पद्धतीने झाला. तिला अँटिबायोटिक्स दिली गेली, करोनानंतरचा त्रास असावा असेही सांगण्यात आले.

अखेर कुटुंबाने खासगी डॉक्टर गाठला, तेव्हा चौथ्या टप्प्यातील कर्करोगाचे निदान झाले. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांत, डिसेंबर २०२० मध्ये जेसचा मृत्यू झाला. तिच्या आई-वडिलांनी पुढे अनेक वर्षे केलेल्या पाठपुराव्यातून हा नियम आला.

नियम काय सांगतो?

एखादा रुग्ण त्याच लक्षणांसाठी किंवा वाढत्या त्रासासाठी तिसऱ्यांदा आला आणि तोवर ठोस निदान झालेले नसेल, तर डॉक्टरने आधीचे निदान बाजूला ठेवून पहिल्यापासून विचार करावा. यासाठी तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. रुग्णाने आतापर्यंत काय काय सांगितले ते आठवणे, धोक्याची लक्षणे सुटली आहेत का याचा आढावा घेणे आणि गरज असल्यास नव्या तपासण्या करणे किंवा तज्ज्ञाकडे पाठवणे. आधीच्या भेटी फोनवर झाल्या असतील तर रुग्णाला समोर बसवून तपासणे, सहकारी डॉक्टरचे मत घेणे, हेही त्यात येते.

हा कायदा नाही. तो पाळला नाही म्हणून थेट शिक्षा होत नाही. इंग्लंडचा आरोग्य विभाग, तेथील सरकारी आरोग्यसेवा आणि जीपी डॉक्टरांची संघटना यांनी मिळून घालून दिलेली ती रुग्णसुरक्षेची पद्धत आहे.

तिसऱ्या भेटीलाच महत्त्व का?

पहिल्या भेटीत बहुतेक आजार सारखेच दिसतात. खोकला, थकवा, पोटदुखी यांमागे शंभरातल्या बहुतेकांना किरकोळ कारण असते. त्यामुळे डॉक्टरने आधी साध्या आजाराचा विचार करणे योग्यच आहे. अडचण पुढे येते. एकदा कागदावर ‘ॲसिडिटी’ किंवा ‘ॲन्झायटी’ असे लिहिले गेले की पुढचा डॉक्टरही त्याच चष्म्यातून पाहू लागतो. औषधाने गुण आला नाही, तर निदान चुकले असेल असे वाटण्याऐवजी औषधाचा डोस बदलला जातो.

तरुणांच्या बाबतीत हे अधिक घडते. नियम जाहीर करताना दिलेल्या आकडेवारीनुसार, इंग्लंडमध्ये कर्करोग झालेल्या १६ ते २४ वयोगटातील निम्म्या रुग्णांना निदानापूर्वी तीन किंवा अधिक वेळा दवाखान्याशी संपर्क साधावा लागला. सर्व वयोगटांत मिळून हे प्रमाण पाचात एक आहे. महिलांच्या काही आजारांतही असेच होते. पाळीच्या वेळी असह्य वेदना देणाऱ्या एंडोमेट्रिओसिसचे निदान होण्यास अनेकदा वर्षानुवर्षे लागतात, कारण ‘पाळीत दुखतंच’ असे घरापासून दवाखान्यापर्यंत सगळेच सांगतात.

डॉक्टर ऐकून का घेत नाहीत?

प्रत्येक वेळी कारण बेफिकिरी हेच नसते. ६७ देशांतील माहितीचा अभ्यास ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्राथमिक उपचाराच्या ठिकाणी डॉक्टर एका रुग्णाला स्वीडनमध्ये सरासरी २२.५ मिनिटे देतात, तर भारतात सुमारे दोन मिनिटे. दोन मिनिटांत नाडी, रक्तदाब आणि चिठ्ठी एवढेच होते. ‘हा त्रास कधीपासून आहे, आधी काय घेतले’ हे विचारायला वेळच उरत नाही.

भारतात हा नियम चालेल का?

इथे एक वेगळी अडचण आहे. इंग्लंडमध्ये रुग्णाची नोंद एका दवाखान्यात असते, त्यामुळे तिसरी भेट मोजता येते. आपल्याकडे दोनदा जाऊन फरक पडला नाही की ‘या डॉक्टरचा हातगुण नाही’ म्हणत रुग्ण दुसरा डॉक्टर गाठतो. तिथे त्याची पहिली भेट सुरू होते. नवा केसपेपर, पुन्हा तीच सुरुवातीची औषधे. रुग्णाच्या दृष्टीने ती पाचवी खेप असते, पण एकाही डॉक्टरच्या दृष्टीने ती तिसरी नसते.

क्षयरोगात हे स्पष्ट दिसते. भारतातील विविध अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात क्षयरोगाच्या रुग्णांनी निदान होईपर्यंत सरासरी २.७ डॉक्टर वा उपचार करणारे बदलल्याचे आणि लक्षणे सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत साधारण ५५ दिवस गेल्याचे दिसले. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास क्षयरोगाची तपासणी करावी, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा निकष असूनही ही स्थिती आहे.

रुग्णाचे हक्क कोणते?

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्ण हक्कांची सनद तयार केली. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा आणि आपल्या नोंदी व रिपोर्ट मिळण्याचा हक्क तिच्यात आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ मधील सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे अपेक्षित आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार, दाखल झालेल्या रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागणी केल्यास उपचारांची कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात.

मग रुग्णाने काय करावे?

आपल्याकडे भेटी मोजणारी व्यवस्था नसल्याने ते काम रुग्णालाच करावे लागते. त्यासाठी पुढील गोष्टी उपयोगी पडतात.

• प्रत्येक चिठ्ठी आणि रिपोर्टचा फोटो काढून मोबाइलमध्ये एकाच अल्बममध्ये तारखेनुसार ठेवा. ‘आभा’ खाते असल्यास रिपोर्ट त्याला जोडता येतात.

• डॉक्टर बदलला तरी जुनी फाइल दाखवा. ‘आधी कुणाला दाखवलं’ हे लपवू नका.

• ‘खूप दुखतं’ याऐवजी नेमके सांगा. उदा. ‘सहा आठवड्यांपासून दुखतंय, रात्री झोपमोड होते, चार किलो वजन कमी झालंय.’

• पहिल्याच वाक्यात सांगा : ‘याच त्रासासाठी ही तिसरी वेळ आहे, आधीच्या औषधांनी फरक पडला नाही.’

• निघण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा : ‘हे नसेल तर दुसरं काय असू शकतं?’ आणि ‘काय झालं तर लगेच परत यायचं?’

तिसऱ्या भेटीची वाट कधी पाहू नये?

छातीत दुखणे किंवा दडपण, श्वास घेण्यास त्रास, अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलताना अडखळणे, रक्ताची उलटी, शुद्ध हरपणे अशा वेळी भेटी मोजत बसू नये. थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा किंवा १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. खोकल्यातून रक्त पडणे, स्तनात गाठ किंवा कारण नसताना वजन घटणे यांपैकी काही दिसल्यास, पहिल्याच भेटीत ते स्पष्ट सांगून तपासणीचा आग्रह धरावा.