रुळावरचे कापड आणि काटकोन : भंडाऱ्याच्या कोसा कापडाचा खिडकीच्या गुंडाळपडद्यासाठी विचार

प्रस्तावना

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा भात, तलाव आणि कोसा या तीन गोष्टींसाठी ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी कोसा विणणारी मोहाडी, आंधळगाव, पवनी ही गावे भंडाऱ्यातच राहिली. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसकिडे पोसायचे काम पूर्व विदर्भात मुख्यतः ढिवर समाजाने केले आणि त्या कोशांच्या धाग्यापासून कापड विणण्याचे काम कोष्टी समाजाने. करवतीच्या दातांसारख्या नक्षीचा काठ असलेली करवतकाठी साडी हे या परंपरेचे सर्वांत प्रसिद्ध फळ होय आणि तिला भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

साडीखेरीज या कापडाचा आणखी कोठे उपयोग होऊ शकेल, हा प्रश्न विणकराच्या पोटाशी निगडित आहे. खिडकीचा पडदा हे त्याचे एक सहज सुचणारे उत्तर. कड्यांमध्ये अडकवलेला चुण्यांचा पडदा कोणत्याही कापडाचा होतो, कारण कापडातील लहानसहान वाकडेपणा चुण्यांमध्ये लपून जातो. रुळावर गुंडाळल्या जाणाऱ्या पडद्याचे तसे नाही. तो सपाट असतो, त्याच्या दोन्ही कडा उघड्या असतात आणि तो दररोज त्याच वाटेने वर-खाली जातो. असा पडदा वाकडा गुंडाळला जाऊ लागला की दोष हातमागाच्या कापडाच्या माथी मारणे सोपे असते. प्रस्तुत लेखात हा दोष बहुतांशी कापडाचा नसून ते रुळाला जोडण्याच्या पद्धतीचा असतो, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

रुळाची रचना

कापड रुळाभोवती गुंडाळण्याची कल्पना नवी नाही. हातमागावर विणून झालेले कापड विणकराच्या पुढ्यातील रुळावरच गुंडाळले जाते. विणकाम सुरू करताना ताण्याच्या धाग्यांचे झुपके एका काडीला बांधतात व ती काडी रुळाशी जखडतात. प्रत्येक झुपक्याचा ताण हाताने चाचपून सारखा केला जातो, कारण एक बाजू सैल राहिली तर पुढचे सगळे कापड तिरके उतरते. मराठी संगीत नाटकांचे रंगवलेले पडदेही अनेकदा गुंडाळीचे असत. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी १९१० ते १९१६ या काळात असे नाट्यपडदे रंगवून नाव मिळवले होते. वीस-पंचवीस फूट रुंदीच्या पडद्याचे एक टोक दुसऱ्याच्या आधी वर गेले, तर रंगवलेला राजवाडा प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत कलंडणारच.

घरगुती खिडकीसाठीच्या रुळाला आजचे रूप देण्याचे श्रेय अमेरिकेतील स्टुअर्ट हार्टशॉर्न यांना जाते. त्यांना १८६४ साली स्प्रिंगच्या रुळाचे पेटंट मिळाले. पोकळ लाकडी रुळाच्या आत स्प्रिंग असते. पडदा खाली ओढला की ती पिळली जाते. रूळ सावकाश फिरत असेल तर टोकाशी असलेली खिटी दातेरी चक्रात पडते आणि पडदा तेथेच थांबतो. हलका झटका देऊन सोडल्यास रूळ वेगाने फिरतो, खिटी फेकली जाऊन दात्यांबाहेर राहते आणि पडदा वर जातो. आता बहुतेक ठिकाणी अॅल्युमिनियमची नळी आणि मण्यांची साखळी असते. यंत्रणा कोणतीही असो, कापडाच्या वरच्या कडेचे रुळाशी असलेले नाते मात्र बदललेले नाही.

बांबूच्या चिकाशी तुलना केली म्हणजे हे नाते ध्यानात येते. चीक खालून वर गुंडाळतात. दोरी एका बाजूला अधिक ओढली गेली तर तो तिरका होतो खरा, पण ती चूक त्या दिवसापुरती असते, दुसऱ्या दिवशी सोडून पुन्हा गुंडाळता येते. गुंडाळपडद्यात चूक पहिल्या दिवशीच जोडली जाते आणि प्रत्येक फेरीत पुन्हा होते.

लहान चूक मोठी कशी होते

समजा, खिडकीसाठी १.२ मीटर रुंद व १.८ मीटर लांब कापड घेतले आणि त्याची वरची कड बाजूच्या कडांशी काटकोनात नसून एका टोकाला १ सेंटिमीटर उतरती आहे. नुसत्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही. ही कड रुळावरील सरळ रेषेला चिकटवली की बाजूच्या कडा रुळाशी काटकोन करत नाहीत. रुळाच्या प्रत्येक फेऱ्याला कापड किंचित बाजूला सरकते. हे सरकणे रुळाच्या जाडीवर अवलंबून नाही. जाड रुळावर फेरे कमी होतात पण प्रत्येक फेऱ्याचे सरकणे अधिक असते, बारीक रुळावर याच्या उलट. एकूण सरकणे म्हणजे लांबी गुणिले तिरकेपणा. येथे ते १.८ मीटर गुणिले १.२ मीटरला १ सेंटिमीटर, अर्थात १५ मिलिमीटर होते. रुळाच्या टोकाशी ब्रॅकेटपर्यंत एवढी मोकळी जागा क्वचितच असते. कापडाची कड ब्रॅकेटला घासते, दुमडते आणि काही महिन्यांत तिचे धागे सुटू लागतात.

हा दोष आधीच ओळखण्याचा उपाय सुताराच्या नित्याचा आहे. कापड जमिनीवर पसरून दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. वरच्या उदाहरणात वरची-खालची कड सारखीच तिरकी असेल, तर दोन कर्णांत सुमारे १७ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे कडेवर न दिसणारी चूक कर्णांवर स्वच्छ दिसते. मोठा गुण्या नसल्यास एका कडेवर ६० सेंटिमीटर, दुसरीवर ८० सेंटिमीटर मोजून त्या दोन खुणांमधील अंतर बरोबर १ मीटर येते का, हे पाहावे. टेबलाच्या कडेवर किंवा फरशीच्या रेषेवर विसंबून कापड कापणे हे बऱ्याच फसलेल्या पडद्यांचे मूळ असते.

ताणा की बाणा

गिरणीच्या कापडात सरळ रेषा शोधण्यासाठी बाण्याचा एक धागा ओढून काढण्याची युक्ती शिवणकाम करणाऱ्यांना ठाऊक असते. धागा निघाल्यावर राहिलेल्या रेषेवर कात्री चालवायची. हातमागाच्या कोशाला ही युक्ती जशीच्या तशी लावणे धोक्याचे आहे. हाताने मारलेल्या फणीचा ठोका दोन्ही टोकांना नेहमीच समान बसतो असे नाही. बाणा थोडा तिरका किंवा मधे कमानदार असू शकतो. हा दोष नव्हे, तो हाताचा स्वभाव आहे. तथापि अशा धाग्याला प्रमाण मानून कापले तर कापड रुळावर चुकीच्या कोनात बसते.

विश्वास ठेवावा तो ताण्यावर. ताण्याचे धागे विणकामाच्या सुरुवातीपासून अखेरपर्यंत ताणलेले असतात आणि त्यामुळे कापडातील सर्वांत सरळ रेषा त्यांचीच असते. कापड प्रथम धुऊन घ्यावे, ओलसर असताना आखूड कर्णाच्या दिशेने हलके ओढावे, इस्त्री करावी आणि मग ताण्याच्या रेषेशी काटकोन आखून वरची कड कापावी. बाणा त्यानंतरही किंचित कमानदार दिसला तर दिसू द्यावा.

करवतकाठी कापडाचा प्रश्न याहून नाजूक आहे. या साडीत काठ आणि अंग यांसाठी वेगळे धोटे चालतात. अंग कोशाचे आणि काठ सुताचा असेल, तर धुतल्यावर दोहोंचे आटणे सारखे नसते. शिवाय काठ अंगापेक्षा जाड असतो. ही जाडी प्रत्येक थराला केवळ ०.२ मिलिमीटर अधिक धरली, तरी १४ फेऱ्यांनंतर रुळाच्या टोकांशी गुंडाळीचा व्यास मधल्यापेक्षा ५ मिलिमीटरहून जास्त होतो. टोके अधिक कापड ओढून घेतात, मध्यभाग ढिला पडून त्याला पोट सुटते. बाजूच्या कडा दुमडून शिवल्यानेही नेमके हेच घडते, म्हणून गुंडाळपडद्याच्या बाजू कधीही दुमडून शिवू नयेत.

यावरचा चांगला उपाय म्हणजे कापड आडवे वापरणे. साडीचा पन्हा साधारण सव्वा मीटरच्या आत असतो. एक काठ काढून टाकला तर कमी उंचीच्या खिडकीला तो पुरतो. कापड आडवे केले की ताण्याचा धागा रुळाशी समांतर येतो. जोडण्याची कड म्हणजे ताण्याचीच रेषा ठरते, तिला आखण्याची गरज उरत नाही. राहिलेला काठ तळाशी येतो, वजनाची पट्टी त्याच्या आत लपते आणि करवतीचे दात उजेडासमोर उठून दिसतात. काम राहते ते बाजूंचे. त्या ताण्याशी काटकोनात कापाव्या लागतात आणि कापलेल्या कोशाचे धागे सुटू नयेत म्हणून तेथे डिंकाचा पातळ हात द्यावा लागतो. नासाडी करवतकाठीचीच होणार असेल तर साडी कापण्याऐवजी विणकराकडून एकाच बाजूला काठ असलेले कापड विणून घेणे केव्हाही उचित.

प्रत्यक्ष जोडणी

रूळ दोन ठोकळ्यांवर स्थिर ठेवून त्याच्या लांबीभर सरळ रेषा आखावी. गोल वस्तूवर अशी रेषा आखणे कठीण असते. रूळ भिंतीलगत सपाट जमिनीवर घट्ट धरून, पेन्सिल एका ठोकळ्यावर टेकवून तो ठोकळा सरकवत नेल्यास रेषा अक्षाला समांतर उमटते. कापडाची कड दुमडू नये, कारण दुमड म्हणजे रुळावर एक उंचवटा आणि प्रत्येक थरावर त्याची आडवी खूण. लाकडी रुळावर आधी मध्यभागी, नंतर दोन्ही टोकांना आणि मग मधल्या अंतरांत आळीपाळीने पिना माराव्यात. एका टोकापासून सुरुवात केली तर हाताच्या ओढीने कापड पुढे ताणले जाते व दुसऱ्या टोकाला ती ओढ तिरकेपणाच्या रूपाने साठते. धातूच्या नळीवर दुहेरी चिकटपट्टी किंवा खाचेत बसणारी प्लास्टिकची पट्टी वापरतात.

खिडकीच्या उंचीपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर कापड अधिक घ्यावे. पडदा पूर्ण खाली आला तरी रुळावर दीड-दोन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. घर्षणामुळे पडद्याचा बहुतेक भार हे वेढेच पेलतात आणि पिनांपर्यंत त्यातला थोडाच पोहोचतो. ब्रॅकेट बसवताना पाणसळ लावावी. जुन्या घरांच्या चौकटी क्वचितच समतल असतात आणि चौकटीला समांतर बसवलेला रूळ तिच्याबरोबर कलतो.

अस्तराचा प्रश्न

मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात रेशीम पिवळे पडते व त्याचा धागा दुबळा होतो. म्हणून कोशामागे सुती अस्तर देण्याचा विचार स्वाभाविक आहे. मात्र दोन थर एकत्र शिवून गुंडाळले तर बाहेरच्या थराला आतल्यापेक्षा मोठा घेर पार करावा लागतो. दोन थरांच्या मध्यांत अर्धा मिलिमीटर अंतर असले तर प्रत्येक फेऱ्याला ३ मिलिमीटरहून थोडा जास्त फरक पडतो. ३२ मिलिमीटर जाडीच्या रुळावर १.८ मीटरचा दुहेरी पडदा सुमारे १३ फेरे घेतो, म्हणजे एकूण फरक ४ सेंटिमीटरच्या घरात जातो. तेवढ्या सुरकुत्या कोठेतरी पडणारच. अस्तर फक्त वरच्या कडेला जोडून खाली मोकळे सोडणे किंवा त्याला स्वतंत्र रूळ देणे हेच दोन व्यवहार्य मार्ग आहेत. त्यांपैकी दुसरा अधिक चांगला, कारण उन्हाच्या वेळी अस्तर एकटेच खाली सोडून कोशाला जपता येते. पडद्याला ताठपणा येण्यासाठी तांदळाची खळ दिली तर ती पातळ असावी. घट्ट खळीवर पावसाळ्यात कसर लागते.

तरीही पडदा सरकू लागला तर

सर्व काळजी घेऊनही पडदा थोडा एका बाजूला सरकू शकतो. अशा वेळी तो पूर्ण उलगडून, ज्या बाजूला तो सरकतो तिच्या विरुद्ध टोकाशी रुळावर कागदी चिकटपट्टीचा एक लहान तुकडा लावावा. त्या टोकाचा व्यास किंचित वाढतो आणि कापड जाड टोकाकडे वळते. एका तुकड्याने भागले नाही तर दुसरा लावावा. पण चार-पाच थर लावूनही पडदा सरळ होत नसेल, तर कापडाची कडच चुकलेली आहे असे समजून पिना काढाव्यात आणि कर्ण पुन्हा मोजावेत. नव्या कोशाचा पडदा स्वतःच्या भाराने आरंभी थोडा लांबतो, पावसाळी दमट हवेत अधिकच. त्यामुळे उन्हाळ्यात बसवलेल्या पडद्याची ही तपासणी दसऱ्याच्या सुमारास एकदा करावी लागते.