चुंबकीय नॅनोकण, जनुक उपचार आणि आपले लोहभस्म

‘लोहभस्म म्हणजे प्राचीन नॅनो औषधच होय’ असे विधान काही माहितीपत्रकांतून वाचावयास मिळते, आणि रुग्णही त्याचा दाखला देतात. असा रुग्ण एच.आय.व्ही.बाधित असेल तर वैद्याने व औषधी विक्रेत्याने उत्तर जपूनच द्यावयास हवे. त्यासाठी विषाणूविरुद्ध वापरावयाचे चुंबकीय नॅनोकण नेमके काय आहेत, हे पाहणे अगत्याचे आहे.

एच.आय.व्ही. आपली जनुकीय प्रत मानवी पेशीच्या डी.एन.ए.मध्ये ओवून ठेवतो. ए.आर.टी. औषधे नव्या विषाणूंची निर्मिती रोखतात. पण ती सुप्त प्रत तशीच राहते व औषधे थांबताच विषाणू पुन्हा उसळतो. मेंदूतील मायक्रोग्लिया पेशी हे त्याचे एक आश्रयस्थान. तेथे पोहोचण्यास रक्त आणि मेंदू यांमधील नैसर्गिक तटबंदी आड येते.

डी.एन.ए. चुंबकाच्या ओढीने पेशींत नेण्याची पद्धत जर्मनीतील म्युनिक येथे ख्रिस्तियान प्लांक व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडली. लोहाच्या ऑक्साइडच्या कणांवर धनभारित पॉलिएथिलिनइमिनचे आवरण होते, ऋणभारित डी.एन.ए. त्यास चिकटे. मायामी येथील फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठात माधवन नायर यांच्या गटाने निराळे कण वापरले: गाभा कोबाल्ट फेराइटचा, आवरण बेरियम टायटॅनेटचे. २०१३ मध्ये त्यांवर एच.आय.व्ही.विरोधी औषध बांधले गेले, तर २०१९ मध्ये क्रिस्पर-कॅस९ ही जनुकीय कात्री. बदलते चुंबकक्षेत्र लावताच गाभा किंचित आकार बदलतो, त्या दाबाने आवरणावर विद्युतभार निर्माण होतो आणि बांधलेले द्रव्य सुटते. कल्पना खरोखर देखणी आहे! तटबंदीच्या प्रयोगशाळेतील प्रतिकृतीतून हे कण पार गेले व सुप्त विषाणू बाळगणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींत विषाणूचे प्रमाण घटले.

येथे आपणांस योगवाही द्रव्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. साम्य मात्र तेवढ्यावरच थांबते. या प्रयोगात कण केवळ वाहन आहे. कार्य करते ती कात्री. भस्माच्या वारितरत्व व रेखापूर्णत्व या परीक्षा त्याचा सूक्ष्मपणा दाखवितात. एखादे जनुकद्रव्य बांधून इष्ट पेशीत सोडण्याची क्षमता त्यांतून सिद्ध होत नाही.

शिवाय २०१९ चा तो प्रयोग पात्रातील पेशींवरचा होता, रुग्णांवरचा नव्हे. अंतर वाढताच चुंबकाची ओढ झपाट्याने क्षीण होते, कोबाल्टच्या विषारीपणाचा विचार करावा लागतो, आणि कात्री भलत्याच जागी चालण्याचा धोका राहतोच. चुंबकीय कणांऐवजी निरुपद्रवी विषाणूच्या वाहनातून हीच कात्री माणसांस दिली गेली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाले: उपचार सोसवला, परंतु ए.आर.टी. थांबविलेल्या रुग्णांत विषाणू पुन्हा वाढला.

म्हणून भस्माच्या भरवशावर ए.आर.टी. सोडू पाहणाऱ्या रुग्णास औषध बांधून देऊ नये. ए.आर.टी. चालू असताना अग्निमांद्य वा दौर्बल्य यांसाठी आपण काही योजिले, तर द्रव्य, मात्रा व काल यांची लेखी नोंद रुग्णाजवळ द्यावी, ए.आर.टी. केंद्रातील डॉक्टरांना ती दाखविण्यास सांगावे.