संकेतस्थळ सुगम्यता सल्लागार
संकेतस्थळ सुगम्यता सल्लागार : शासकीय व व्यापारी संकेतस्थळे दिव्यांग व्यक्तींना स्वतंत्रपणे वापरता येतात की नाही, याची तपासणी करून दोषनिवारणाचा मार्ग दाखविणारा तज्ञ. निवृत्तिवेतन, परीक्षांचे अर्ज, बँकव्यवहार इ. सेवा संकेतस्थळांवर आल्यापासून या तज्ञाची गरज वाढली. अर्जातील रकान्यास संगणकाला कळेल असे नाव जोडलेले नसेल, तर अंध नागरिकास तो अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो आणि त्यासाठी आपली खाजगी माहिती त्याच्या हाती द्यावी लागते.

मानके व कायदे : वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९९ मध्ये यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम प्रसिद्ध केली. त्यांची २.० ही आवृत्ती २००८ मध्ये, तर २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. त्यांत ए, डबल ए व ट्रिपल ए अशा तीन पातळ्या असून कायदे व करार यांत बहुधा डबल ए पातळीची अपेक्षा असते. तीनुसार सामान्य आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. यूरोपीय संघाने २०१६ मध्ये सार्वजनिक संस्थांसाठी निदेश काढला. अनेक खाजगी सेवांना लागू असलेल्या २०१९ च्या निदेशाची अंमलबजावणी २८ जून २०२५ पासून सुरू झाली. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा मुख्य कायदा होय. अंकीय सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिला.

परीक्षण : स्वयंचलित साधने काही दोष त्वरित दाखवितात, मात्र त्यांवर विसंबणे पुरेसे नसते. चित्रास वर्णन जोडले आहे की नाही हे यंत्र सांगते; ते वर्णन योग्य आहे की नाही हे मनुष्यच ठरवू शकतो. म्हणून सल्लागार माऊसविना केवळ कळफलकाने, तसेच पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या एनव्हीडीएसारख्या आज्ञावलीने संपूर्ण व्यवहार करून पाहतो. मराठी संकेतस्थळांत आणखी दोन दोष आढळतात : युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर अशा आज्ञावलीस निरर्थक अक्षरांप्रमाणे भासतो आणि छायाप्रत काढून ठेवलेला आदेश ही तिच्या दृष्टीने केवळ एक चित्राकृती असते.

नेमणूक : सल्लागार आराखड्याच्या टप्प्यावरच नेमणे हितावह ठरते, पूर्ण झालेल्या संकेतस्थळाची दुरुस्ती अधिक खर्चिक असते. नेमणुकीपूर्वी त्याच्या अहवालाचा नमुना पाहावा. चांगल्या अहवालात प्रत्येक दोषाचे स्थान, भंग झालेला निकष, वापरकर्त्यास होणारी अडचण व उपाय यांची नोंद असते. दिव्यांग व्यक्तींकडून सशुल्क चाचणी, दुरुस्तीनंतरची फेरतपासणी आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांचा करारात समावेश असावा. संकेतस्थळ बांधणाऱ्या कंत्राटदारावरही दोष दूर करण्याचे बंधन घालणे आवश्यक असते. अन्यथा अहवाल दप्तरी पडून राहतो. एक ओळ आज्ञावली जोडताच संकेतस्थळ पूर्णतः सुगम होईल, अशा आश्वासनापासून सावध राहावे. अशा दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये एका कंपनीस १० लक्ष डॉलर भरावयास लावले.

संकेतस्थळावर नवा मजकूर सतत येत असल्यामुळे एकदा मिळालेले प्रमाणपत्र कायम पुरत नाही. सल्लागार मार्ग दाखवितो. सुगम्यता टिकविण्याची जबाबदारी मात्र त्या संस्थेचीच राहते.