पिकपला फोर बाय फोर करायचंय? आधी हे वाचा



मागच्या पावसाळ्यात आपल्या एका सभासदाची केळी कापली. घड भरून पिकप निघाली अन् वीस पावलांवर काळ्या मातीत मागची चाकं रुतली. व्यापाऱ्याची गाडी डांबरीवर उभी. ट्रॅक्टर येऊन ओढेपर्यंत संध्याकाळ झाली, घड घासले, भाव तुटला. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "भाऊ, इंजिन ठणठणीत आहे. मिस्तरी पुढच्या चाकांनाही ओढ देतो म्हणतो. करू का?"

हाच प्रश्न जळगाव-धुळ्याकडून अजून दोघा-तिघांनी विचारला, म्हणून सगळ्यांसाठी लिहितो.

*🔧 काम किती मोठं आहे?*
▪️ गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस लागते. तीच ताकद पुढे-मागे वाटते.
▪️ पुढे डिफरन्शियलसह अख्खा अ‍ॅक्सल, नवीन हब आणि दुसरा प्रोपेलर शाफ्ट लागतो.
▪️ पुढच्या आणि मागच्या क्राऊन-पिनियनचा रेशो एकच हवा, चारही टायर एकाच मापाचे हवेत. भंगारातून वेगवेगळ्या गाड्यांचा माल जोडला अन् रेशो जुळला नाही, तर दात तुटतात.
▪️ पुढचं वजन वाढतं, म्हणून पाटे, स्टिअरिंग, ब्रेक सगळंच परत बघावं लागतं.
▪️ साधी फोर बाय फोर डांबरीवर चालू ठेवायची नसते. वळताना पुढची-मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, ताण सगळा शाफ्टवर येतो.

*⚖️ कायदा काय म्हणतो?*
मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : कंपनीने ठरवलेली गाडीची मूळ रचना मालकाला मनाने बदलता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हेच सांगितलं. कलम १८२-अ प्रमाणे प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी असतं, तिथे गाडी अडकेल. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणून काकांना मी 'नका करू' म्हटलं. फोर बाय फोर हवीच असेल तर कंपनीतूनच तशी आलेली, आरसी बुकात नोंद असलेली जुनी गाडी बघा.

*🌱 खरं दुखणं मातीत आहे*
ओली काळी माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो. मग दोन काय अन् चार काय, सगळीच चाकं जागेवर फिरतात. आणि गाडी निघाली तरी जमीन दाबली जाते. केळीची बहुतेक मुळं वरच्याच थरात असतात, फटका पुढच्या बागेला बसतो. वाफसा नसताना भरलेली गाडी शेतात घालूच नका.

*✅ त्यापेक्षा हे करा*
१. कापणीआधी दोन-तीन दिवस वाटेच्या बाजूच्या ओळींचं ठिबक बंद ठेवा (माती-हवामान बघून). व्हॉल्व्ह गळत असेल तर आधी तो दुरुस्त करा.
२. घड डोक्यावरून बांधापर्यंत आणा, गाडी टणक जागी उभी करा.
३. मागे खोल नक्षीचे टायर टाका, माप आरसीप्रमाणेच. गाडीत फावडं, दोन फळ्या, दोर ठेवा.
४. चाक फिरायला लागलं की रेस देऊ नका. खाली उतरा, माती काढा, फळी लावा.
५. मृगबाग किंवा कांदेबाग लावतानाच गाडीसाठी पट्टा सोडा. मुरूम टाका, दोन्ही बाजूंना चर काढा.

*🛣️ रस्ताच नसेल तर?*
बांधावरून वाट मिळण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. असलेली वाट कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ आहे. पाणंद पक्की करायला २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली होती, सध्या काय चालू आहे ते ग्रामपंचायतीत विचारा.

काका अन् शेजारचे बांधवाले मिळून आता मुरूम टाकणार आहेत. तुमच्या वाटेची अडचण असेल तर 'रस्ता' लिहून गावाचं नाव पाठवा, एका वाटेवरचे सभासद एकत्र अर्ज करू.

– तुमचा कृषी सल्लागार