खरूज, कुरूप, चाई आणि डॉक्टरांच्या हातातलं भिंग

त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोप नावाचं टॉर्चसारखं छोटं यंत्र अंगावर टेकवलं की पेशंटच्या मनात पहिला विचार येतो, ‘भिंगातून काय वेगळं कळणार? नुसतं मोठं दिसेल.’

मोठं दिसतंच, बहुतेक डर्मोस्कोपमधून दहा पट. पण खरी करामत चमक घालवण्यात आहे. विहिरीच्या पाण्यावर ऊन चमकत असलं की तळ दिसत नाही, तसंच कातडीचं. वरच्या कोरड्या थरावर उजेड आदळून परत येतो आणि आतलं झाकतो. डर्मोस्कोपमधले पोलराइज्ड फिल्टर, किंवा काचेखाली लावलेलं जेल, ही चमक मारतात. मग आतलं रंगद्रव्य आणि केसाहून बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. रंगावरून खोलीही कळते. हे रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, अगदी वर असेल तर काळं, थोडं खाली असेल तर तपकिरी, आणखी खोल असेल तर करडं-निळं दिसतं. वांगावर कोणता उपचार कितपत लागू पडेल, याचा अंदाज यातून बांधता येतो.

यात सुई नाही, क्ष-किरण नाहीत. तान्ह्या बाळाचीही तपासणी बिनधास्त करावी.

‘हे गोऱ्या लोकांच्या कॅन्सरसाठी असतं’ हा दुसरा समज. डर्मोस्कोपीचं नाव तीळ आणि मेलानोमा या कातडीच्या कॅन्सरमुळे झालं, हे खरं. पण आपल्याकडे तिचा उपयोग रोजच्या दुखण्यांत जास्त होतो. खरूजच घ्या. रात्री खाज सुटते, बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या येतात आणि घरचे म्हणतात, ‘अंगात उष्णता झालीय.’ खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. डर्मोस्कोपखाली एक इवलासा गडद त्रिकोण दिसतो, ते त्याचं तोंड आणि पुढचे पाय. मागे वळणावळणाची पांढरट रेघ, ते त्यानं पोखरलेलं बीळ. विमान पुढे जावं आणि धुराची रेघ मागे राहावी, हुबेहूब तसं. हे पेशंटला स्क्रीनवर दाखवावंच, असं मला मनापासून वाटतं. स्वतःच्या हातातला किडा पाहिलेला माणूस घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध लावायला लावतो, आणि त्याशिवाय खरूज घरातून जात नाही.

तळपायाला टोचणारी प्रत्येक गाठ कुरूप नसते. कुरूप दाबामुळे होतं, त्याच्या मध्यभागी अर्धपारदर्शक खिळा दिसतो. चामखीळ विषाणूमुळे होते. तिच्यात लाल-काळे ठिपके दिसतात, ते गोठलेल्या रक्तवाहिन्यांचे. कुरपाला चप्पल बदलून आराम पडतो. चामखीळ ब्लेडनं खरवडली तर पसरते.

चाई पडली की ‘किड्यानं केस खाल्ले’ म्हणतात. किडा कुठेच नसतो. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. भिंगाखाली मुळाशी निमुळते, टोकाला जाड असे उद्गारचिन्हासारखे केस दिसतात. लहान मुलांच्या डोक्यात बुरशीनंही असेच टक्कल पडतं, पण तिथे केस स्वल्पविरामासारखे वळलेले दिसतात. हा फरक जपायलाच हवा. चाईवर बऱ्याचदा स्टेरॉइड देतात; बुरशीला पोटातून बुरशीनाशक लागतं, आणि नुसतं स्टेरॉइड दिलं तर ती बळावते.

सावळ्या कातडीला मेलानोमा होतच नाही, हेही चूक. तो तळपाय, तळहात आणि नखाखाली लपतो. गायक बॉब मार्लीला तो 1977 मध्ये पायाच्या अंगठ्यात सापडला, 1981 मध्ये मार्ली गेला. तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेघा असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा त्यांच्या खाचांत बसतो, मेलानोमाचा उंचवट्यांवर.

‘आता बायोप्सी नको’ असं मात्र म्हणू नये. शंका उरली तर तुकडा तपासावाच लागतो. तो नेमका कुठून घ्यायचा हे डर्मोस्कोप सांगतो. नायट्याचे खवले सूक्ष्मदर्शकाखाली पाहणंही सुटत नाही.

तपासणीला जाताना कातडी जशी आहे तशी न्यावी. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडचं मलम नायट्याचं रूपच पालटून टाकतं. हळद, मेंदी, नेलपॉलिश, पावडर यांचे रंग आणि कण भिंगाखाली रोगासारखे दिसतात. केसांना लावलेला डाय मुळांशी काळे ठिपके सोडतो, आणि चाईतही तसेच ठिपके असतात.