विश्लेषण : कपाटात पडलेला जुना स्मार्टफोन पुन्हा कामाला कसा लावता येतो? धोके कोणते, अडथळे कोणाचे?

बॅटरी टिकत नाही, अपडेट येत नाहीत, स्क्रीनला तडा गेला आहे. अशा कारणांनी बाजूला पडलेला फोन आतून बहुतेक वेळा धडधाकट असतो. हौशी तंत्रप्रेमी अशाच फोनपासून घरगुती सर्व्हर, पाळत ठेवणारा कॅमेरा, हवामान नोंदवणारे केंद्र आणि थ्रीडी प्रिंटरचा नियंत्रक बनवतात. हे नेमके कसे होते, त्यासाठी काय करावे लागते आणि कुठे थांबावे, याविषयी...

जुना फोन खरेच निकामी होतो का?

फोन बदलण्यामागे प्रोसेसर बिघडला हे कारण क्वचितच असते. आधी थकते ती बॅटरी, मग स्टोरेज अपुरे पडते आणि शेवटी कंपनी सॉफ्टवेअर अपडेट देणे थांबवते. २०१८मध्ये भारतात आलेला पोको एफ१ हे याचे चांगले उदाहरण. त्यात स्नॅपड्रॅगन ८४५ हा त्या वर्षीचा अव्वल प्रोसेसर आणि किमान ६ जीबी रॅम होती. कंपनीचे अपडेट मात्र अँड्रॉइड १०वर थांबले. पुढच्याच वर्षी आलेला रास्पबेरी पाय ४ हा हौशी मंडळींचा लाडका छोटा संगणक बाजारात आला तेव्हा त्याच्या सर्वांत वरच्या मॉडेलमध्ये ४ जीबी रॅम होती. शिवाय त्याला स्क्रीन, मेमरी कार्ड आणि अ‍ॅडॉप्टर वेगळे घ्यावे लागतात. फोनमध्ये स्क्रीन, कॅमेरा, माइक, जीपीएस, वायफाय, ब्लूटूथ आणि हालचाल ओळखणारे सेन्सर आधीच असतात. बॅटरी असल्याने छोटा यूपीएसही आतच असतो. दिवे गेले तरी काम थांबत नाही, ही आपल्याकडे लहान गोष्ट नाही.

असे किती फोन पडून असतील? विजेच्या उपकरणांच्या कचऱ्यावर काम करणाऱ्या ‘डब्ल्यूईईई फोरम’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अंदाजानुसार एकट्या २०२२मध्ये जगभरात सुमारे ५३० कोटी फोन वापरातून बाद होणार होते. त्याच वर्षी जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या जेमतेम २२.३ टक्के कचऱ्याचेच रीतसर संकलन आणि पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’चा २०२४चा अहवाल सांगतो. फोनच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो तयार होतानाच खर्ची पडलेला असतो. त्यामुळे तो जितकी जास्त वर्षे चालेल, तितके बरे.

फोनला हात न लावता काय करता येते?

सुरुवात करायला फोन उघडण्याची किंवा त्याचे सॉफ्टवेअर बदलण्याची गरज नसते. ‘आयपी वेबकॅम’सारखे अ‍ॅप टाकले की फोन घरच्या वायफायवरचा कॅमेरा बनतो. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये त्याचे चित्र दिसते.

विद्यार्थ्यांसाठी जर्मनीतल्या आखेन येथील आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने तयार केलेले ‘फायफॉक्स’ हे मोफत अ‍ॅप उपयोगी आहे. फोन दोरीला टांगून लंबकासारखा झुलवला की त्याचा आवर्तकाल मोजता येतो आणि त्यातून गुरुत्वत्वरण काढता येते. फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असेल, तर लिफ्ट किती वेगाने वर चढते तेही कळते. प्रयोग सुरू असताना आकडे दुसऱ्या संगणकावर पाहण्याची सोय त्यात आहे. सिम कार्ड नसलेला फोनही यासाठी चालतो.

यापुढची पायरी म्हणजे ‘टर्मक्स’. हे अ‍ॅप अँड्रॉइडवर लिनक्ससारखी कमांड लाइन देते. त्यात पायथन चालते, छोटे संकेतस्थळ चालवता येते आणि एसएसएचद्वारे दुसऱ्या संगणकावरून फोन हाताळता येतो. थ्रीडी प्रिंटर असलेले अनेक जण ‘ऑक्टोफॉरए’ हे अ‍ॅप वापरतात. प्रिंटर केबलने फोनला जोडला की फोनच त्याचा नियंत्रक होतो.

इथे नवख्यांची एकच तक्रार असते, की काही वेळाने सगळे आपोआप बंद पडते. कारण साधे आहे. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड मागे चालणारी अ‍ॅप्स बंद करते. सेटिंग्जमध्ये जाऊन त्या अ‍ॅपपुरते ‘बॅटरी ऑप्टिमायझेशन’ बंद केले की हा त्रास बराच कमी होतो.

बूटलोडर अनलॉक करणे म्हणजे काय?

फोन सुरू होताना सर्वांत आधी जो छोटा प्रोग्रॅम चालतो तो बूटलोडर. तो कुलूपबंद असेल, तर कंपनीची डिजिटल स्वाक्षरी असलेले सॉफ्टवेअरच फोनमध्ये चढते. चोरी आणि घुसखोरी रोखण्यासाठी हे कुलूप गरजेचे आहे. मात्र कंपनीने अपडेट थांबवल्यावर तेच कुलूप मालकालाही अडवते.

ते उघडल्यावर दोन मुख्य वाटा असतात. पहिली ‘लिनिएजओएस’ची. सायनोजेनमॉड हा प्रकल्प २०१६च्या अखेरीस बंद पडल्यावर त्यातूनच हा प्रकल्प उभा राहिला. तो जुन्या फोनला नव्या आवृत्तीचे अँड्रॉइड देतो. दुसरी वाट ‘पोस्टमार्केटओएस’ची. २०१७मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प अँड्रॉइड पूर्ण बाजूला सारून फोनवर अल्पाइन लिनक्सवर आधारलेली प्रणाली बसवतो. फोनचे आयुष्य १० वर्षांपर्यंत वाढावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. पोको एफ१ आणि वनप्लस ६ या भारतात विकल्या गेलेल्या फोनवर तो चालतो. मात्र कॅमेरा, कॉल यांसारख्या सुविधा प्रत्येक मॉडेलवर चालतीलच असे नाही. सर्व्हर म्हणून वापरायचा असेल तर त्याने फारसे बिघडत नाही.

कोणत्याही संगणकावर लिनक्स चढते, मग प्रत्येक फोनवर का नाही? संगणकातले यंत्र कोणकोणते भाग जोडलेले आहेत, ही माहिती ऑपरेटिंग सिस्टीमला स्वतःच पुरवते. फोनमध्ये तशी सोय सहसा नसते. प्रत्येक मॉडेलसाठी त्यातल्या भागांचा नकाशा आणि ड्रायव्हर वेगळे तयार करावे लागतात. म्हणूनच ‘रेडमी’ किंवा ‘गॅलेक्सी’ एवढे नाव पुरत नाही, नेमका मॉडेल क्रमांक जुळावा लागतो. चुकीची फाइल टाकली, तर फोन सुरूच न होण्याची शक्यता असते आणि कधी कधी तो कायमचा वीट बनतो.

अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. पुढे बँकांची आणि यूपीआयची काही अ‍ॅप्स असा फोन नाकारतात. सॅमसंगच्या फोनमध्ये अनधिकृत सॉफ्टवेअर चढल्याची नोंद हार्डवेअरमध्येच कायमची होते आणि नॉक्सवर चालणाऱ्या सुविधा परत मिळत नाहीत. त्यामुळे रोजच्या वापरातल्या एकुलत्या एका फोनवर हा प्रयोग करू नये.

फोनला सेन्सर आणि मोटर कशी जोडायची?

रास्पबेरी पायला बाहेरच्या तारा थेट जोडण्यासाठी पिना असतात. फोनला त्या नसतात. म्हणून फोन हा मेंदू आणि ईएसपी३२ किंवा आर्डुइनोसारखा छोटा बोर्ड हे हातपाय, अशी विभागणी करतात. हे बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतात.

गच्चीवरच्या बागेचे उदाहरण घेऊ. मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर ईएसपी३२ला जोडला. तो बोर्ड वायफायवरून आकडे फोनला पाठवतो. फोनवर टर्मक्समध्ये ‘मॉस्किटो’ हा संदेश देवाणघेवाणीचा प्रोग्रॅम आणि जोडीला पायथनचा छोटा प्रोग्रॅम चालतो. ओलावा ठरावीक आकड्याखाली गेला की फोन बोर्डाला सांगतो आणि रिले पंप सुरू करतो. दिवसभराचा आलेख फोनच्याच स्क्रीनवर दिसतो. वीज गेल्यावर राउटर बंद पडतो. तरीही फोनच्याच हॉटस्पॉटवर बोर्ड जोडला असेल आणि बोर्डाला पॉवर बँकेची जोड असेल, तर नोंदी चालू राहतात. पंप २३० व्होल्टवर चालणारा असेल, तर तेवढे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

ओटीजी केबलने बोर्ड थेट फोनला जोडता येतो, पण तेव्हा फोनच बोर्डाला वीज पुरवतो आणि अनेक फोन त्याच वेळी चार्ज होत नाहीत. चोवीस तास चालणाऱ्या प्रकल्पाला म्हणूनच वायफाय किंवा ब्लूटूथ सोयीचे.

सर्वांत मोठा धोका कोणता?

बॅटरी. जुना फोन महिनोन् महिने चार्जरला लावून ठेवणे हीच या छंदातली सर्वांत सर्रास आणि सर्वांत घातक चूक. लिथियम-आयन बॅटरी सतत १०० टक्क्यांवर आणि गरम राहिली की लवकर खराब होते, आत वायू तयार होतो आणि ती फुगते. मागचे झाकण उचललेले दिसले किंवा स्क्रीन एका कडेने वर आली, तर फोन ताबडतोब बंद करावा. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि पुन्हा चार्ज करू नये.

बॅटरी चांगली असेल, तर ती २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. फोनमध्ये चार्जिंगची मर्यादा घालण्याची सोय नसेल, तर दिवसातून ठरावीक वेळच चालू राहणारा टायमर किंवा स्मार्ट प्लग लावता येतो. फोन उशीखाली, कपाटात किंवा उन्हात ठेवू नये.

अनुभवी मंडळी बॅटरी काढून फोनला बाहेरून वीज देतात, पण ते वाटते तितके सोपे नाही. बॅटरीच्या जागी फोनला साधारण ४ व्होल्ट लागतात. चार्जरचे ५ व्होल्ट थेट दिले, तर सर्किट जळू शकते. नेटवर्क शोधताना फोन क्षणभर मोठा करंट ओढतो, तेवढा पुरवठा न झाल्यास तो पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो. बॅटरीच्या जोडणीत अधिक-उणे टोकांखेरीज तापमान आणि ओळख सांगणाऱ्या पिनाही असतात. त्या पिनांवर अपेक्षित संकेत मिळाला नाही, तर बरेच फोन सुरू होत नाहीत. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल, तर ही वाट टाळलेली बरी.

डेटा सुरक्षित राहतो का?

अपडेट थांबलेल्या फोनमधल्या त्रुटी कोणी दुरुस्त करत नाही. असा फोन घरच्या वायफायपुरताच ठेवावा. राउटरमधून त्याला थेट इंटरनेटसाठी उघडू नये. राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असेल, तर त्यावर जोडणे उत्तम. प्रकल्प सुरू करण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढावे, गुगल खाते काढून टाकावे आणि मगच फॅक्टरी रीसेट करावे. खाते न काढता रिकव्हरीतून रीसेट केल्यास फोन जुना पासवर्ड मागत अडून बसतो. कॅमेरा म्हणून वापरताना त्याचे तोंड शेजाऱ्याच्या दाराकडे नाही, हेही पाहावे.

हौसेच्या पलीकडे याचा उपयोग झाला आहे का?

फोनची ताकद अवकाशातही तपासली गेली आहे. ब्रिटनमधल्या सरे येथील तंत्रज्ञांनी बनवलेला ‘स्ट्रँड-१’ हा छोटा उपग्रह नेक्सस वन हा अँड्रॉइड फोन सोबत घेऊन गेला. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याला श्रीहरिकोटाहून अवकाशात नेले ते इस्रोच्या पीएसएलव्ही-सी२० या रॉकेटने. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नासाने फोनवरच बेतलेले तीन ‘फोनसॅट’ उपग्रह सोडले. ‘रेनफॉरेस्ट कनेक्शन’ या संस्थेने तर टाकून दिलेले फोन सौर पट्ट्यांसह जंगलातल्या झाडांवर बसवले. करवतीचा आवाज टिपून बेकायदा वृक्षतोडीचा इशारा देणे हे त्यांचे काम.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०२३मध्ये १० जुन्या पिक्सेल ३ए फोनचा समूह करून सर्व्हरची कामे त्यावर चालवून दाखवली. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठाने २०२५मध्ये जुन्या फोनचे चिमुकले डेटा सेंटर तयार केले. त्यांनी बॅटऱ्या काढून बाहेरून वीज दिली आणि पोस्टमार्केटओएस वापरले. प्रत्येक फोनमागे खर्च आला सुमारे ८ युरो. समुद्राखालचे जीव मोजण्याच्या कामी त्याची चाचणी घेण्यात आली.

मग अडते कुठे?

अनेकदा यंत्रापेक्षा परवानगीपाशी. हुआवेने २०१८मध्ये बूटलोडर उघडण्याचे कोड देणे थांबवले. एलजीने फोनचा व्यवसाय सोडला आणि २०२१च्या अखेरीस अनलॉकची सेवाही बंद केली. ज्यांनी तोवर कुलूप उघडले नव्हते, त्यांच्यासाठी अधिकृत दार बंद झाले. फोन विकत घेतला तरी त्यावर काय चालवायचे हे मालक ठरवणार की कंपनी, हा यातला खरा प्रश्न आहे.

युरोपीय संघाने २० जून २०२५पासून लागू केलेल्या नियमांनुसार फोनची विक्री थांबल्यानंतर किमान ५ वर्षे ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट आणि ७ वर्षे महत्त्वाचे सुटे भाग देणे बंधनकारक आहे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टलही सुरू केले. मात्र दुरुस्तीचा हक्क आणि बूटलोडर उघडण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याबद्दल अजून फारसे कोणी बोलत नाही.

सुरुवात कशी करावी आणि केव्हा सोडून द्यावे?

आधी बॅटरी पाहावी. ती फुगलेली नसेल, तर फोन रीसेट करून आठवडाभर कॅमेरा म्हणून किंवा टर्मक्ससह चालवून बघावा. तो किती तापतो, किती वेळा बंद पडतो, हे कळते. त्यानंतरच अनलॉकचा विचार करावा आणि त्याआधी लिनिएजओएस किंवा पोस्टमार्केटओएसच्या यादीत आपले मॉडेल आहे का, हे तपासावे. नव्याने जुना फोन घेणार असाल, तर आधी यादी पाहावी आणि मग बाजारात जावे.

बॅटरी फुगलेली असेल किंवा बोर्डात पाणी जाऊन गंज चढला असेल, तर जुगाडाचा मोह सोडावा. असा फोन घरच्या कचऱ्यात टाकू नये आणि तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्या भंगारवाल्याकडेही देऊ नये. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा उपकरणांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे फोन कंपनीच्या संकलन केंद्रावर किंवा नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्यावा.