घरची बोली लाजेची नाही

आज बचतीचा किंवा कर्जाचा विषय नाही. आज आपल्या घरात जी बोली बोलली जाते तिच्याविषयी बोलू.

गटाच्या कामासाठी आम्ही मंगळवेढा तालुक्यात वस्त्यावस्त्यांवर जातो. कर्नाटकाच्या हद्दीकडच्या गावांत घराघरांत कानडी ऐकू येते. लमाणांच्या घरात गोरबोली असते, पारध्यांच्या पालावर पारधी, कैकाडी आणि वडार घरांत त्यांची त्यांची बोली. पण बैठक सुरू झाली की यांतल्या कितीतरी बाया गप्प होतात. हजेरी देतात, पैसे भरतात, अंगठा करतात आणि उठून जातात. विचारलं तर म्हणतात, "ताई, आमची भाषा अडाण्याची. सगळ्या हसतील." काही आया तर लेकरांशीसुद्धा आपल्या बोलीत बोलत नाहीत. येईल तशा मराठीत बोलतात, का तर लेकरू शाळेत मागं पडू नये. हेतू चांगला आहे. पण त्यानं लेकराचं भलं होतं का, ते आज समजून घेऊ.

पहिली गोष्ट, यातली कुठलीच बोली अडाण्याची नाही. माणसांसारखी भाषांचीही नातीगोती असतात. पारधी बोलीचं नातं भिली आणि गुजरातीशी आहे. गोरबोली राजस्थानकडच्या भाषांच्या कुळातली. कैकाडी तमिळच्या जवळची, तर वडारी तेलुगूच्या. आपले पूर्वज कुठून कुठून चालत आले, त्याची खूण या बायांच्या तोंडी आजही आहे. वेगळी लिपी नाही म्हणून ती भाषाच नाही, असंही नाही. मराठी, हिंदी आणि नेपाळी या तिन्ही एकाच देवनागरीत लिहितात.

आपल्या मंगळवेढ्याला तर एकाच भाषेची सवय कधीच नव्हती. बाराव्या शतकात बसवेश्वर इथं राहिले, त्यांची वचनं कानडीत आहेत. पुढं चोखोबा याच गावचे, त्यांचे अभंग मराठीत. हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाच्या यात्रेला मराठी आणि कानडी बोलणारे एकाच भंडाऱ्यात न्हातात. आपण रोज म्हणतो ते अक्का, अण्णा आणि तूप हे शब्दही कानडीच्या घरचे.

मग ही लाज आली कुठून? इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला. त्यानं जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड पारधी, कैकाडी अशा जमातींना ठेवलं होतं. दिवसा काम आणि ठरल्या वेळेला हजेरी. त्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. लेकरांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवायची सोयही पुढं त्या कायद्यात केली गेली. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला, पण भीती मागं राहिली. चारचौघांत बोली बोलली की जात कळते आणि जात कळली की संशय येतो, म्हणून माणसं गप्प राहायला शिकली. ही लाज बोलीच्या अंगची नाही, वरून लादलेली आहे.

असं फक्त आपल्याकडंच झालं नाही. ऑस्ट्रेलियात मूळनिवासींच्या अडीचशेहून जास्त भाषा होत्या. तिथल्या सरकारांनी त्यांची लेकरं आयांकडून काढून संस्थांत आणि गोऱ्या घरांत वाढवली. लेकरं परकी झाली आणि कितीतरी भाषा बोलणारं कुणी उरलं नाही. १३ फेब्रुवारी २००८ ला तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत त्याची माफी मागितली. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी वेगळी वाट काढली. १९८२ पासून त्यांनी 'भाषेची घरटी' सुरू केली. म्हणजे अशी बालवाडी, जिथं आज्या लहान लेकरांशी फक्त माओरीत बोलतात, गातात, खेळतात. १९८७ साली माओरी तिथली राजभाषा झाली. आज्यांनी हे करून दाखवलं, हे ध्यानात ठेवा.

आता आपल्या लेकरांचं बघू. पाच वर्षांच्या लेकराजवळ घरच्या बोलीतले हजारो शब्द असतात. काल, उद्या, जास्त, कमी, मामा, काका हे सगळं त्याला कळतं. वाचायला शिकणं म्हणजे अक्षराला ओळखीच्या शब्दाशी जोडणं. शब्दच ओळखीचा नसेल तर अक्षर नुसतं चित्र राहतं. मग हुशार लेकरूही ढ ठरतं. आईनं घरात अर्धवट मराठी बोलली तर त्याला ना भरघोस मराठी मिळते, ना आपली बोली. आईच्या गोष्टी आटतात, आजीशी बोलणं तुटतं. बोली जपल्यानं मराठी बिघडत नाही. सोलापूरची पद्मशाली कुटुंबं विणकामासाठी तेलंगणातून आली. पिढ्यान्‌पिढ्या घरात तेलुगू बोलतात आणि बाजारात मराठीत कुठं अडत नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २९ सुद्धा सांगतं, की जमेल तितकं शिक्षण लेकराच्या मातृभाषेत असावं.

मग गटानं काय करायचं? चार कामं सांगतो.

एक, घरात आईनं आणि आजीनं आपल्याच बोलीत बोलायचं. गाणी, कोडी, गोष्टी सगळं तिच्यात. मराठी शाळेत आणि गल्लीत येतेच.

दोन, अंगणवाडीच्या ताईंना आपल्या बोलीतले तीसेक शब्द देवनागरीत लिहून द्यायचे. पाणी, भूक, दुखतंय, शी, शू, घरी जायचंय. लेकराला पहिल्याच दिवशी कुणीतरी समजून घेणारं भेटलं की ते शाळेला घाबरत नाही.

तीन, बैठकीत ठराव झाला की ज्यांना मराठी जड जाते त्यांना गटातल्याच बाईनं त्यांच्या बोलीत सांगायचं. कर्जाच्या कागदावर अंगठा घेण्याआधी रक्कम किती, व्याज किती आणि हप्ता कधी, हे त्या बाईकडून तिच्या बोलीत परत वदवून घ्यायचं. न कळता केलेला अंगठा उद्या तिच्याच गळ्याशी येतो.

चार, जनगणना. माणसं मोजणारे दारात येतील तेव्हा मातृभाषा विचारतील. लहानपणी आई आपल्याशी जी बोलली ती मातृभाषा. तीच सांगायची आणि नीट लिहिली का तेही बघायचं. २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून जास्त लोक बोलतात अशा १२१ भाषाच वेगळ्या दाखवल्या. लमाणी बोली तर हिंदीच्या खात्यात गेली. जी भाषा कागदावर नाही, तिच्यासाठी पुस्तक नाही आणि शिक्षकही नाही.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. हजेरी घेताना प्रत्येकीनं आपल्या घरच्या बोलीत एक वाक्य बोलायचं आणि बाकीच्यांनी त्याचा अर्थ विचारायचा. आपल्या गटात किती भाषा आहेत ते मोजा आणि वहीत लिहून ठेवा.